बुटांचा भाव

जहाज सकाळी सातलाच लागायचं फालमथला,
आमच्यासाठी मात्र साडेअकराला.
आधी तीन हजार माणसं उतरणार,
त्यांच्या नाश्त्याच्या प्लेटा मशीनमधून निघणार,
मग आम्ही, दुसऱ्या डेकवरचे,
पाण्याने बोटं पांढरी पडलेले,
गळ्यात कार्ड, हातात चार तास.

कुंपणाच्या आत बंदर नवंकोरं.
हिऱ्यांची दुकानं, घमेल्याएवढे ग्लास,
त्यात निळं काहीतरी आणि वर कागदी छत्री.
माझ्या खोलीतला रोमेल
फुकटच्या वायफायकडे धावायचा, पोरीचं तोंड पाहायला.
मी भूक घेऊन फाटकाबाहेर.

मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाला लागून
पत्र्याच्या छपराखाली मिस आयव्ही.
कढईत अख्खा मासा, डोळ्यांसकट,
वर कांदा, आणि एक बुटकी पिवळी मिरची
जी आमच्या भिवापुरीलाही घाम फोडील.
सोबत बामी, कंदाच्या पिठाची जाड चकती,
आपल्या पानग्याची लांबची बहीण.
आल्याचं पाणी घसा जाळत उतरायचं.
कागदावर घेऊन उभ्यानेच खायचो मी,
काटे भिंतीवरच्या मांजरीला.

पहिल्या दिवशी पैसे किती विचारलं
तर तिने तोंडाकडे पाहिलंच नाही.
खाली पाहिलं. काळे, जाड तळव्यांचे,
ओल्या फरशीवर न घसरणारे बूट.
‘क्रू,’ म्हणाली,
आणि अर्धेच घेतले.

करार संपला.
नागपूर, पवनी, पुढे खताच्या टेम्पोत पोत्यांवर बसून
घर.

मंगळवारी घाटावर गेलो.
वैनगंगेपल्याडून डोंगे येतात बाजाराला.
कोंबड्या, सायकली, एका डोंग्यात शिलाई मशीन,
त्यावर हात ठेवून बसलेली नवी नवरी.
माणसं पाय भिजवत उतरतात
आणि बाजाराआधी पंचफुलाबाईच्या टपरीकडे वळतात.
शेवटचा डोंगा पाचला.
तोवर खायचं, प्यायचं, विकायचं, भांडायचं.
मी उगाच गळ्यापाशी कार्ड चाचपलं.

पळसाच्या द्रोणात भात, त्यावर झिंग्यांचा रस्सा,
कडेला जवसाची चटणी.
सवयीने उभ्यानेच खाऊ लागलो.
‘बसून खा ना जी,
झिंगे कोनी पळवून नाई नेत.’

बसलो. बोटं चाटली. पैसे किती?
पंचफुलाबाईने खाली पाहिलं.
तेच बूट.
‘ऐंशी.’

शेजारच्या ताराचंदने आत्ताच चाळीस दिले होते.
‘मले ऐंशी काहून?’
‘तू जहाजावरचा ना बापू. मोठ्ठा पाशिंजर.’

‘पाशिंजर नाही बाई,’ मी म्हणालो,
‘भांडे घासतो मी तिथं.’

हे गावात मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.
आईलाही नाही. ती सगळ्यांना सांगते,
पोरगं जहाजाचा स्वयंपाक सांभाळते म्हणून.
ताराचंदचा घास हातातच राहिला.
तेल तडतडत होतं, तेवढाच आवाज.

पंचफुलाबाईने झाऱ्याने दोन झिंगे उलटवले.
‘मंग ते पातेलं घे,’ म्हणाली,
‘चाळीस सोडते.’

बूट काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
राख, नारळाची शेंडी, मूठभर वाळू.
बुडाला लागलेला भात सुटला
तशा बारक्या मासोळ्या आल्या,
माझ्या पांढऱ्या बोटांना टोचू लागल्या.

‘तिकडं असंच घासतेत का रे?’ वरून तिने विचारलं.
‘नाही,’ म्हणालो, ‘तिकडं खिडकी नसते.’

काय समजली कोण जाणे.
आणखी एक कढई पायरीवर ठेवून गेली.

मागे वळून पाहिलं तर
डोंगेवाल्याचं शेंबडं पोरगं
माझ्या बुटात उभं राहून
नदीकडे बघत होतं.
दोन्ही पाय एकाच बुटात.